घरच्या संगणकाची दुसरी प्रत

भाद्रपदातील दशलक्षण पर्व आटोपून तीन-चार दिवस झाले होते. मंदिरातून बाहेर पडताना समाजातील एक वयोवृद्ध भगिनी थांबल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "भाऊ, काल आमच्या यांच्या नावाची पूजा होती ना? फलकावर नाव दिसलं नाही, म्हणून विचारते." माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या यजमानांच्या स्मरणार्थ त्यांनी संस्थेच्या ध्रुवफंडात रक्कम ठेवली होती, तिथी ठरलेली होती, आणि त्या सर्व तिथींची यादी माझ्या घरच्या संगणकात होती. तो संगणक मात्र त्या आठवड्यात बंद होता.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या कोषाध्यक्षपदाचे काम माझ्याकडे आले. हिशेब, पावत्या, देणगीदारांची यादी, तिथींची नोंद हे सारे मी घरीच करीत असे. त्या दिवसांत एका संध्याकाळी विजांचा कडकडाट झाला आणि वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. वऱ्हाडात हे काही नवीन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि पुढे काहीच होईना. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तपासून सांगितले, "काका, हार्ड डिस्क गेली."

मी फारसा घाबरलो नाही. दर शनिवारी हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवण्याची शिस्त मला बँकेने लावली होती. नवी डिस्क बसली, दुपारपर्यंत त्यावर विंडोजही बसले. आता पेन ड्राइव्ह लावला की काम सुरू, अशी माझी समजूत होती. खरी अडचण तेथूनच सुरू झाली.

हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे तर त्याचा परवाना पाहिजे. परवान्याचा पासवर्ड ज्या ई-मेलवर येणार, त्या ई-मेलचा पासवर्ड जुन्या संगणकातच साठवलेला. प्रिंटर ओळखला जाईना. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावले, तर त्याचा ड्रायव्हर नाही. सर्वांत बिकट प्रसंग देणगीदारांच्या यादीचा होता. ती यादी पंधरा वर्षांपूर्वी, युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधीच्या एका मराठी फाँटमध्ये टंकित केलेली होती. फाइल उघडली, तेव्हा नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली. फाँटची सीडी कोठे गेली ते कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी अकोल्याच्या एका स्नेह्यांच्या जुन्या संगणकात तो फाँट सापडला. तोपर्यंत नऊ दिवस उलटले होते. सप्टेंबरअखेरचे लेखापरीक्षण तोंडावर आले होते, आणि त्या भगिनींची तिथी टळून गेली होती.

नोंद माझ्याजवळ होती, पण ती वाचता येत नव्हती. पुढील आठवड्यात आम्ही पूजा केली. त्या काहीही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला अजून आठवते, आणि हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

फायली वेगळ्या, प्रणाली वेगळी

आपल्यापैकी बहुतेक जण बॅकअप म्हणजे फोटो, पत्रे आणि हिशेब यांची दुसरी प्रत समजतात. ती हवीच. परंतु संगणकात याखेरीज आणखी एक मोठा भाग असतो. त्यात संचालन प्रणाली म्हणजे विंडोज, तिच्यावर बसवलेली सॉफ्टवेअरे, त्यांचे परवाने, फाँट, ड्रायव्हर, प्रिंटरची मांडणी आणि वर्षानुवर्षे आपल्या सवयीनुसार केलेले असंख्य लहानमोठे बदल येतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खतावण्या वाचल्या पण कार्यालय जळाले, अशी माझी अवस्था झाली होती. खतावण्या हातात होत्या, पण त्या घेऊन बसायला ना टेबल होते, ना शिक्के, ना काउंटर.

या दुसऱ्या भागाची संपूर्ण नक्कल घेता येते. तिला सिस्टिम इमेज म्हणतात. फायली एकेक करून उतरवण्याऐवजी ज्या डिस्कवर विंडोज आहे तिचे जसेच्या तसे प्रतिरूप बाहेरच्या डिस्कवर उतरवले जाते. डिस्क निकामी झाली, तर नव्या डिस्कवर तेच प्रतिरूप परत ठेवता येते आणि संगणक त्या दिवशी जसा होता तसा उघडतो. सॉफ्टवेअर, फाँट, प्रिंटर सारे जागच्या जागी असते. ज्या कामाला मला नऊ दिवस लागले ते एका दुपारचे काम ठरते.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. विंडोजमधील 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय प्रणालीतील अलीकडचे बदल मागे घेते. ती त्याच डिस्कवर असते, त्यामुळे डिस्क गेली की तीही जाते. 'रीसेट धिस पीसी' या सोयीत आपल्या फायली ठेवण्याचा पर्याय असतो, परंतु बसवलेली सॉफ्टवेअरे निघून जातात. 'विंडोज बॅकअप' नावाचे नवे अॅप फोल्डर, काही मांडणी आणि अॅपची यादी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवते. उपयोगी आहे, पण तेही संपूर्ण प्रतिरूप नव्हे. आणि अनेकांचा एक आवडता समज असा, की 'सी' ड्राइव्हची प्रत 'डी' ड्राइव्हवर ठेवली म्हणजे झाले. घरच्या बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाट जळाले, तर वरचा कप्पा आणि खालचा कप्पा असा भेद उरत नाही.

कारंज्याची प्रत

हा विचार आपल्या समाजाला नवीन नाही, आणि आपल्या वाशीम जिल्ह्याला तर मुळीच नाही. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची आहे. तिची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत सांभाळली गेली. ती सांभाळली म्हणूनच आज ग्रंथ आहे. पण मूळ ग्रंथ एकाच ठिकाणी आणि ताडपत्रे जीर्ण होत चाललेली, ही काळजी जाणत्यांना लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नांतून प्रतिलेखनाचे काम उभे राहिले. त्या कामातील मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी पुढे पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने खाजगीरीत्या एक कन्नड प्रत केली. ती सहारनपूरला पोहोचली, तेथे नागरी प्रत झाली, आणि त्या परंपरेतून आणखी प्रती निरनिराळ्या गावी गेल्या. त्यांतील एक आपल्या कारंज्याला आली.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हा पाठनिश्चितीसाठी त्यांच्यापुढे अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती होत्या. मूळ ताडपत्रे शेकडो कोस दूर होती, पण कारंज्याची प्रत हाताशी होती. पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. नंतरच्या खंडांच्या वेळी मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली आणि प्रतींमध्ये कोठे शब्द गळले, कोठे ओळ सुटली, ते उघड झाले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धान्तग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून फलटणला ठेवले गेले, तेही याच चिंतेतून.

या इतिहासातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. प्रत संपूर्ण असावी, ती मूळ प्रतीपासून दूर असावी, आणि ती मुळाशी ताडून पाहिलेली असावी. बँकेत आम्ही वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचलो होतो. तिजोरीच्या चाव्यांचा दुसरा संच स्वतःच्या शाखेत कधीच ठेवला जात नाही. तो दुसऱ्या शाखेत सीलबंद ठेवतात, आणि ठरावीक काळाने तो आणून वापरात घेतात व वापरातला संच तिकडे पाठवतात. तरुणपणी मला ही निव्वळ कागदी कटकट वाटे. वरिष्ठांनी समजावून सांगितले, की दुसरी चावी कुलूप उघडते की नाही, हे पहिली हरवण्याआधी कळले पाहिजे. घरच्या संगणकालाही हाच नियम लागू आहे.

साहित्य आणि कृती

लागणारे साहित्य थोडके आहे. एक टेराबाइटची एक बाह्य हार्ड डिस्क आणि ३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह रिकामा असावा, कारण त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो.

पहिली पायरी संगणक नीटनेटका करण्याची. प्रतिरूप हे संगणकाचे त्या क्षणाचे छायाचित्र असते, व्हायरस असेल तर तोही त्यात उतरतो. म्हणून आधी विंडोजचे अपडेट पूर्ण करावे, व्हायरसची संपूर्ण तपासणी करावी, नको असलेली सॉफ्टवेअरे काढून टाकावी. संगणक निरोगी असताना घेतलेली प्रतच कामाची.

दुसरी पायरी रिकव्हरी ड्राइव्हची. डिस्क गेल्यावर संगणक स्वतःहून सुरू होणार नाही, तेव्हा त्याला सुरू करणारी ही किल्ली. पेन ड्राइव्ह लावावा, विंडोजच्या शोधचौकटीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असे इंग्रजीत टंकित करावे आणि 'क्रिएट ए रिकव्हरी ड्राइव्ह' निवडावे. 'बॅक अप सिस्टिम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह' या चौकटीत खूण असू द्यावी. या कामाला बराच वेळ लागतो, घाई करू नये.

तिसरी पायरी प्रत्यक्ष प्रतिरूपाची. बाह्य डिस्क लावावी. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी लागते. 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' असा विभाग आहे. नावातील सातचा आकडा पाहून गोंधळू नये, विंडोज १० आणि ११ मध्येही तो आहे. डावीकडे 'क्रिएट ए सिस्टिम इमेज' निवडावे, जागा म्हणून बाह्य डिस्क दाखवावी आणि काम सुरू करावे. विंडोजला आवश्यक असलेले सर्व कप्पे ते स्वतःच निवडते. वेळ डिस्कच्या वेगावर आणि भरलेल्या जागेवर अवलंबून असतो. काम संपल्यावर दुरुस्तीची सीडी करायची का, असे विचारले जाते. रिकव्हरी ड्राइव्ह तयार असल्याने 'नाही' म्हटले तरी चालते. बाह्य डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' या नावाचे फोल्डर तयार होते. त्याचे नाव बदलू नये, त्यातील काही हलवू नये, अन्यथा विंडोजला ते सापडत नाही.

आपल्याकडील विजेचा भरवसा लक्षात घेता हे काम लॅपटॉप चार्जरवर ठेवून किंवा यूपीएस असतानाच करावे. अर्धवट प्रत ही नसलेल्या प्रतीपेक्षा वाईट, कारण ती आपल्याला गाफील ठेवते.

मायक्रोसॉफ्टने या जुन्या सोयीचा विकास बरीच वर्षे थांबवला आहे. ती अजून चालते, परंतु ज्यांना पर्याय हवा त्यांच्यासाठी क्लोनझिला आणि त्याहून सोपे दिसणारे रेस्क्यूझिला ही मोफत साधने आहेत. ती पेन ड्राइव्हवरून चालतात आणि संपूर्ण डिस्कचे प्रतिरूप घेतात. फक्त कोठून कोठे उतरवायचे ते निवडताना उलटसुलट झाले, तर असलेलेही पुसले जाते. पहिल्या वेळी घरातील जाणत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. मॅक वापरणाऱ्यांसाठी टाइम मशीन आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी प्रणालीची आधीची स्थिती परत आणणारे टाइमशिफ्ट आहे.

किल्ली कुलपाला लागते का

चौथी पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि हीच सर्वांत महत्त्वाची आहे. बाह्य डिस्क आणि रिकव्हरी ड्राइव्ह दोन्ही लावून संगणक बंद करून सुरू करावा. सुरू होताना एफ२, एफ९, एफ१२ किंवा एस्केप यांपैकी जी कळ आपल्या संगणकाला लागू असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याचा पर्याय निवडावा. पुढे 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'सिस्टिम इमेज रिकव्हरी' असे जावे. आपण घेतलेल्या प्रतिरूपाची तारीख पडद्यावर दिसली की समाधान मानावे आणि तेथूनच 'कॅन्सल' करून परतावे. त्यापुढे जाऊ नये. पुढची कळ दाबली तर डिस्कवरील सर्व काही पुसून जुने प्रतिरूप उतरू लागेल.

कोणती कळ लागली, कोणत्या क्रमाने गेलो, हे वहीत मराठीत लिहून ठेवावे. संगणक बंद पडतो तेव्हा संगणकातील सूचना वाचता येत नाहीत.

याच वहीत आणखी एक आकडा लिहावा. अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ही सोय असते. दुरुस्तीच्या वेळी ती ४८ अंकांची रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, पण त्या खात्याचा पासवर्डही आठवत नसेल, तर घरातील सर्व फोटो डिस्कमध्ये असूनही कायमचे गेले असे समजावे. हे ४८ अंक कागदावर उतरवून महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावेत. घरातील किमान एका व्यक्तीला ती जागा ठाऊक असावी. बँकेत असताना, खातेदाराच्या निधनानंतर घरच्यांना काहीच ठाऊक नसल्याने झालेली ओढाताण मी पुष्कळ पाहिली आहे.

मर्यादा आणि पथ्ये

प्रतिरूप परत उतरवले, की संगणक त्या दिवसाकडे जातो. त्यानंतर लिहिलेले सारे त्यात नसते. म्हणून प्रणालीचे प्रतिरूप वर्षातून दोनदा आणि फायलींची प्रत दर आठवड्याला, अशी दुहेरी व्यवस्था हवी. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. एका संगणकाचे प्रतिरूप वेगळ्याच बनावटीच्या संगणकावर चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

काम झाले की बाह्य डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. असे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील बॅकअपलाही सोडत नाहीत. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे कुलपालाच अडकवून ठेवलेली दुसरी चावी. शक्य असल्यास दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि एक भावाच्या किंवा लेकीच्या घरी ठेवावी. आग, चोरी आणि वीज या तिन्ही गोष्टी घर पाहून येतात. दोन्ही घरी एकाच वेळी येण्याचा संभव फार थोडा.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा सर्वसाधारण आधार संपला. जे विंडोज ११ वर जाणार असतील, त्यांनी बदलापूर्वी एक प्रतिरूप अवश्य घ्यावे. नव्या प्रणालीत जुने सॉफ्टवेअर रुसले, तर परतीची वाट राहते. आणि जुन्या फाँटमधील मराठी मजकूर ज्यांच्याकडे असेल, त्यांनी संगणक धडधाकट आहे तोवरच तो युनिकोडमध्ये करून घ्यावा. प्रतिरूप त्या फाँटला काही वर्षे जगवील, युनिकोड त्या नावांना जगवील. आमच्या संस्थेची तिथींची यादी मी त्या वर्षीच दिवाळीपूर्वी युनिकोडमध्ये करून घेतली. शिवाय तिची एक छापील प्रत आता मंदिराच्या कपाटात असते.

दोन पंचमी

वर्षातून दोनदा म्हटले, की कधी हा प्रश्न येतो, आणि नेमका दिवस ठरला नाही की काम राहून जाते. आपल्या पंचांगाने तो दिवस आधीच ठरवून दिला आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. स्मरणात असलेले श्रुत विरू लागले, तेव्हा धरसेनाचार्यांकडून ते ग्रहण करून पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांनी ते लिपिबद्ध केले, त्याचा हा उत्सव. त्या दिवशी शास्त्रभांडारातील ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात, नव्या वेष्टनात बांधतात. कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर बंधू-भगिनी ज्ञानपंचमी साजरी करतात. दोन्ही पंचमींमध्ये साधारण पाच-सहा महिन्यांचे अंतर आहे.

माझ्या घरी आता हा नेम आहे. श्रुतपंचमीला शास्त्रांची वेष्टने बदलून झाली, की दुपारी मी संगणकाचे नवे प्रतिरूप घेतो, रिकव्हरी ड्राइव्ह लावून तारीख दिसते का ते पाहतो, वहीत नोंद करतो. कार्तिकात पुन्हा तेच. जुनी डिस्क धाकट्या बंधूंच्या घरी जाते, तिथली माझ्याकडे येते. नातू विचारतो, "आजोबा, बिघडलाच नाही तर कशाला करता?" मी त्याला कपाटातली ती छापील यादी दाखवतो. त्यात त्या भगिनींच्या यजमानांचे नाव आहे. दर वर्षी भाद्रपदात ती तिथी आली, की मंदिराच्या फलकावर नाव लिहिले गेले की नाही, हे मी स्वतः जाऊन पाहतो.

जय जिनेन्द्र.